अण्णा पत्रिकेतून घसरले!

वेब डिझाइन शिकून मी पहिलं काम काय केलं, तर ताईचं ठरलेलं लग्न जवळजवळ मोडलं.

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि नारायणगावात कॉम्प्युटरचा क्लास करत होतो. आमचे सर म्हणायचे, "टेबलाच्या रकान्यांत वेबपान कोंबायचे दिवस संपले! आता सीएसएस, पान मांडायची नवी भाषा! चौकटी तरंगत्या ठेवायच्या. जेवढा स्क्रीन, तेवढं पान!" मला हे इतकं पटलं, की ताईची लग्नपत्रिका मी इंटरनेटवर टाकली. (कुणी सांगितलं नव्हतं. तिथंच तर घोटाळा!)

आमच्याकडे पत्रिकेत मजकूर कमी आणि नावं जास्त. नाव खाली गेलं, की माणूस मांडवात पाय ठेवत नाही. म्हणून आमचे थोरले चुलते, पेठचे अण्णा, यांची फोटोसकट चौकट मी उजवीकडे सगळ्यात वर तरंगत ठेवली. क्लासच्या मोठ्या स्क्रीनवर अण्णा असे शोभत होते, की नवरदेव फिका पडावा!

दुसऱ्या दिवशी पेठहून फोन. अण्णांनी तिथल्या एका दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर, चारचौघांना जमवून, पत्रिका उघडली होती.

"कुठंय रं माझं नाव?"

"वरच की, अण्णा!"

"वर तुझा वारूळवाडीचा मामा हाय! मी तळाला! पोरासोरांच्याबी खाली!"

तो स्क्रीन बारका. अण्णांची चौकट मावेना, म्हणून ती घसरली ती थेट 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!' म्हणणाऱ्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या खाली!

"मी लग्नाला येत न्हाई," म्हणून अण्णांनी फोन आपटला. ताई रडायला लागली. दादा, म्हणजे आमचे वडील, माझ्याकडे बघून म्हणाले, "थोरला भाऊ न्हाई, तर लग्न न्हाई. आन् तूबी न्हाई!"

शेवटी दादांनी हातापाया पडून अण्णांना क्लासमध्ये आणलं. मोठ्या स्क्रीनवर अण्णा वर! मी सुटकेचा श्वास घेतोय, तोवर सरांना शिकवायची हुक्की आली. त्यांनी स्क्रीनवरची पत्रिकेची खिडकी माऊसनं ओढून अरुंद केली. अण्णा धाडकन खाली!

"आवो सर, धरा त्यान्ला!" दादा ओरडले.

खिडकी रुंद केली, अण्णा वर. मग अण्णांनी स्वतःच माऊस हातात घेतला. स्वतःला दोनदा पाडलं, दोनदा उचललं आणि खो खो हसत सुटले.

"म्हंजी माझा मान हाय तिथंच हाय. त्या दुकानातल्या डब्यातच जागा न्हाई!"

"व्हय, अण्णा!" आम्ही तिघंही एका सुरात. माझा जीव भांड्यात पडला. ताईला कळवलं, तर ती पुन्हा रडली. पण या खेपेला आनंदानं.

तरी खबरदारी म्हणून छापायची पत्रिका अण्णांनी स्वतः शेजारी बसून लिहून घेतली. कागदावरचं नाव घसरत नाही, हा त्यांचा हिशेब. पत्रिका आली. अण्णा सगळ्यात वर, मामा त्यांच्या खाली. मी माझं नाव शोधत शोधत तळाला पोचलो. बावीस वर्षांचा वेब डिझायनर, सख्ख्या बहिणीला आत्या म्हणत, चिल्ल्यापिल्ल्यांच्या ओळीत उभा होतो. तिथंही आठ महिन्यांची चिंगी माझ्या आधी!