रहमानचाचांनी सोडवलेली माणसं

आर्णीच्या आमच्या मोहल्ल्यात कुणी वारलं की रहमानचाचा गादीच्या दुकानाचं शटर अर्धं ओढायचे, अंगावरचा कापूस झटकायचे आणि मय्यतीला आंघोळ घालायला निघायचे. बाकीचे आम्ही फार शोकाकुल असायचो. मांडवात खुर्च्या टाकून चहा पीत शोक करायचो.

मी मराठी शाळेचा मास्तर, म्हणून चाचा माझ्याशी मुद्दाम वऱ्हाडीत बोलत. एकदा मी ज्ञान पाजळलं, "चाचा, मय्यतीला आंघोळ घालायचा हुकूम तर सगळ्यांनाच आहे ना?"

"हाव. पन नमाज ज्याची त्याले. तुही मी पढून चालते काय? हे फर्ज मातर साऱ्या गावावर मिळून हाये. एकानं केलं तं सारे सुटले. कोनीच नाही केलं तं सारे गुन्हेगार." मग माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघत म्हणाले, "तू सुटला, बाप्पा. चहा पे."

बोचलं. पण कप खाली ठेवण्याइतकं नाही.

"एक डाव पाहून तं घे. मी काय अमरपट्टा घेऊन आलो?" असं ते दर वेळी विचारत. पुढच्या वेळी नक्की, असं मी दर वेळी सांगे. शेजारच्या हाजीसाहेबांना तर मय्यतीच्या पाण्यानं नुसतं लांबूनच सर्दी व्हायची.

मागच्या उन्हाळ्यात कापूस पिंजता पिंजता चाचा गेले. सगळा मोहल्ला जमला. पाणी तापलं, बोरीचा पाला आला, कापूर, कफन, सगळं आलं. मग आम्ही एकमेकांची तोंडं पाहू लागलो. चाळीस वर्षं या माणसानं आम्हाला असं सोडवलं होतं की कुणालाच काही येत नव्हतं! उन्हं चढत होती, आणि हाजीसाहेब महागाववरून माणूस बोलवायच्या गोष्टी करत होते.

पडद्यामागून चाची म्हणाल्या, "माहे हात चालत असते तं मीच केलं असतं. मास्तर, तू ये. ते म्हनत, मास्तर भेकड हाये, पन हात हलका हाये. उजव्या अंगानं सुरू कर, मी सांगते."

मी बाह्या सरसावल्या. त्या एकेक सांगत गेल्या. कान पुसताना कापसाचा तंतू निघाला आणि मला रडू फुटलं. इतकी वर्षं मांडवात बसून केला तो शोक नव्हता, हे तेव्हा कळलं.

आठवड्यानं हाजीसाहेबांचा फोन आला. त्यांचे मेहुणे वारले होते. "मास्तर, तुम्हाले येते ना? या लवकर. चहाचं मी पाहून राह्यलो."

गेलो. मांडवात शोक जोरात चालू होता. मी हाजीसाहेबांच्या हातातला कप काढून घेतला आणि तांब्या दिला.

"हाजीसाहेब, उजव्या अंगानं. मी सांगतो."