सगुणबाबची चवथ

अर्धी चढण झाली आणि माझ्या गुडघ्याने ऐकायचे सोडले. पुढची मंडळी वळणाआड गेली होती. त्यांचे बोलणे तेवढे वरून ऐकू येत होते. सगुणबाब माझ्यासाठी मागे राहिले होते. हातातल्या कोयत्याने त्यांनी एका चिऱ्यावरचे गवत साफ केले आणि म्हणाले, "वैनी, बसा हंय. घर काय पळून जायत नाय."

"आणि नसलेच तर?"

"नसले तर मगे हंय बसलो काय नि वर बसलो काय, सारखेच."

मी बसले. दसरा होऊन आठवडा झाला होता. पाऊस गेलेला, पण मातीतली ओल अजून होती, आणि ऊन असे की पाठ भाजावी. वाटेच्या दोन्ही बाजूंनी कुर्डू फुलला होता. खाली भाताची शेते पिवळी पडली होती, आणि त्यापलीकडे डोंगराच्या दुसऱ्या अंगाला जुन्या खाणीचा लाल खड्डा, त्यात हिरवे पाणी.

आमच्या डिचोलीतले शाळामास्तर गौरेश दर वर्षी पावसाळा सरला की पंधरावीस जणांना घेऊन डोंगरात जातात. यंदा त्यांच्या मनात आले की डोंगरावरच्या ज्या वाड्या सोडून माणसे खाली आली, तिथली घरे शोधायची. कुठे कोण राहत होते ते निदान एकदा बघून ठेवायचे. पहिली निवडली ती वयली, म्हणजे वरची वाडी. त्या वाडीत जन्मलेले एकच माणूस त्यांना डिचोलीत सापडले, ते म्हणजे सगुणबाब.

सगुणबाब आमचे शेजारी. आमच्या परसाला लागून एक खोली आहे, तिथे ते एकटे राहतात. मिसरूड फुटायच्या आधी ते खनिजाच्या बार्जीवर खलाशी म्हणून लागले. सारमानसच्या धक्क्यावर माती भरायची, नदीतून मुरगावला न्यायची, रिकामे होऊन परत यायचे. खाणी बंद झाल्या, बार्जी चिखलात रुतून बसल्या, तेव्हा ते एक पत्र्याची पेटी घेऊन या खोलीत आले. बोलणे कमी. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराची घंटा वाजली की दोन उंडे घेणार, संध्याकाळी आमच्या तुळशीत दिवा लागला की दारातूनच हात जोडणार. मी कधी सांज्याची वाटी दिली तर दुसऱ्या दिवशी वाटी घासून, त्यात चार ओले काजू नाहीतर दोन लिंबे घालून परत. रिकामी वाटी कधी आली नाही.

मास्तरांनी पहिल्यांदा विचारले तेव्हा ते नाही म्हणाले होते. नंतर दोन दिवसांनी स्वतःच मास्तरांच्या दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, येतो. ते का, हे त्या चिऱ्यावर बसून मी विचारले.

"पाट बघूचो आसा," ते म्हणाले.

"कसला पाट?"

"चवथीचो."

आता हे गोव्याबाहेरच्या माणसाला सांगायला हवे. आमच्याकडे गणेश चतुर्थीला चवथ म्हणतात, आणि ती मूळ घरात होते. भाऊ कितीही असोत, कुठेही पांगलेले असोत, त्या दिवशी सगळे मूळ घरी. तिथल्या वाडवडिलांच्या पाटावर गणपती बसतो, वर रानातल्या फळांची माटोळी टांगतात. म्हणून श्रावण लागला की माणूस माणसाला विचारतो, "चवथ खंय?" तुझी चवथ कुठे, तुझे घर कुठले, माणसे कोण, सगळे त्या एका प्रश्नात येते.

सगुणबाबनी सांगितले ते असे. वयल्या वाडीतली झर आटली आणि एकेक घर खाली उतरू लागले. त्यांचे वडील धाकटे, चुलते थोरले. चुलते बायकोच्या गावी, तुयेला राहायला गेले. वडील सारमानसला. निघताना पाट देवाच्या खोलीतल्या कोनाड्यात होता. चुलत्यांना वाटले, मी सासुरवाडीच्या गावात चाललो, घराण्याचा पाट तिथे कसा न्यायचा? तो धाकटा नेईल. वडिलांना वाटले, थोरलो भाऊ जितो आसताना धाकट्यान पाट उचलूचो कसो? तो थोरला नेईल. दोघांनी एकमेकांचा मान राखला आणि पाट कोनाड्यात राहिला.

"मगे चवथ आली," सगुणबाब सांगू लागले. "बापूस आमका घेऊन तुयेला निघालो. नारळ, तांदूळ, माझ्या डोक्यार भोपळो. थंय जातो तर घराक कुलूप. शेजारीण म्हणता, ते गेले ना सारमानसला, तुमच्याकडे चवथीक."

मला हसू आले. तेही हसले.

"तेव्हा कोणाक हसूक आले नाय. चुलतो सारमानसाक आमच्या दारात बसलेलो, नारळ घेऊन. आमी थंय, ते हंय. बापूस म्हणालो, दादान माझी थट्टा केली. चुलतो म्हणालो, धाकट्यान माका दारात बसयलो. मगे तू आण, तू आण. कोणीच वर गेलो नाय. बोलणे तुटले ते तुटले."

"आणि आता?"

"चुलत्याचो एकुलतो एक झील मुंबैत गेलो, थंयच वारलो. त्याका पोरबाळ नाय. माका नाय. आता पाट उचललो तर कोणाचो मान मोडता?" ते उठले. "फणसाचे लाकूड, वैनी. फणसाक वाळवी सहज लागत नाय. मिळालो तर येत्या चवथीक खोलीत बसयन. लहानशी मूर्ती. दीड दिवस."

वरून मास्तरांची हाक आली. "सगुणबाब, मागच्या मंडळींनी वाटेतच संसार थाटला काय?"

"मास्तर, तुम्ही पुढे जाऊन करतात काय?" सगुणबाब खालून ओरडले. "घर खंय ते माका ठाऊक."

मग मात्र ते माझ्यासाठी थांबले नाहीत. इतकी वर्षे मी त्यांना हळूहळू चालताना पाहिलेले. त्या दिवशी ते काट्याकुट्यातून असे गेले की मला त्यांच्या पाठीवरचा घामाने भिजलेला सदरा तेवढा दिसत होता.

वयली वाडी म्हणजे आता रान. चिऱ्यांचे चौथरे, त्यांतून वर आलेली कुड्याची झाडे. एका चौथऱ्यात अर्धा पुरलेला रगडा त्यांना दिसला आणि ते थांबले. "आवयचो रगडो," एवढेच म्हणाले. जड म्हणून तो नेला नव्हता. आई मग सारमानसला मरेपर्यंत शेजारणीच्या रगड्यावर वाटत होती.

आतल्या खोलीची एक भिंत छातीएवढी उभी होती, आणि तिच्यात कोनाडा. मी चपला बाहेर काढल्या. छप्पर नाही, दार नाही, तरी देवाची खोली ती देवाचीच. मला पाहून बाकीच्यांनीही काढल्या.

"हात घालू नका, जनावर असेल," मास्तरांनी बजावले आणि काठीने वेली बाजूला केल्या.

आत पाट होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. लांबट चौकोन, चारही कडा नीट, खाली दोन आडव्या पट्ट्या. रंग लाल. सगुणबाबनी कोयता खाली ठेवला, दोन्ही हात धोतराला पुसले.

"आसा," ते म्हणाले. एकदा हळू, मग मोठ्याने. "मास्तर, आसा."

कॉलेजात शिकणारी क्षमा नावाची मुलगी आमच्याबरोबर होती, तिने मोबाइल वर धरला. सगुणबाबनी दोन्ही हात कोनाड्यात घातले, जसे आपण पाळण्यातले मूल उचलायला घालतो, आणि पाट उचलला. तो वर आलाच नाही. त्यांच्या बोटांत तो नुसता बसला. वाळवीने लाकूड केव्हाच खाल्ले होते आणि खाता खाता त्या जागी माती भरत गेली होती. आकार तेवढा पाटाचा राहिला होता. हात लागला आणि तोही गेला.

सगुणबाब हातांतल्या मातीकडे बघत होते. मग म्हणाले, "बाये, ते बंद कर." क्षमाने मोबाइल खाली केला. माती त्यांनी ओंजळीने परत कोनाड्यात ठेवली, सांडलेली होती तीही बोटांनी गोळा करून. मी वाटेवरचे कुर्डूचे दोन तुरे आणले होते, ते त्यावर ठेवले आणि मनातल्या मनात देवाचे नाव घेतले. दुसरे काय करणार?

सावलीत बसून आम्ही उंडे आणि सुकी भाजी खायला घेतली. क्षमा बिचारी, तिच्या मनात काही नव्हते. तिला वाटले, म्हाताऱ्याला बोलते करावे. "काका, मग तुमची चवथ कुठे असते हो?"

सगुणबाब उंडा मोडत होते, मोडतच राहिले.

मास्तर थट्टेच्या सवयीने बोलून गेले, "अरे, दर वर्षी आम्हाला सांगतात, वयल्या वाडीत. आम्हाला वाटायचे, चवथीपुरते घर उघडत असतील. इथे तर रानडुकरांची चवथ दिसते." दोघेतिघे हसले. मग मास्तरांच्या लक्षात आले. त्यांनी भाजीचा डबा उगीचच सगुणबाबपुढे सरकवला. "घ्या ना, अजून आहे." सगुणबाबनी घेतली, खाल्ली, "भाजी बरी आसा" असेही म्हणाले.

उतरताना आम्ही दोघे परत मागे राहिलो. या वेळी माझ्या गुडघ्याचे निमित्त होते, पण मागे राहायचे त्यांनाच होते. बराच वेळ नुसता कोयता हातात हलवत चालले. मग आपणहून बोलले.

"वैनी, त्या नेवऱ्या."

चवथीहून परतताना शेजाऱ्यांना नेवऱ्या, म्हणजे करंज्या, द्यायची आमच्याकडे रीत आहे. सगुणबाब दर चवथीला खोलीला कुलूप लावून पिशवी घेऊन जात आणि दीड दिवसाने परतून आमच्या घरी नेवऱ्यांची पुडी देत. चुलत भाऊ चवथ करतो, वहिनीने दिल्या, म्हणत. मी खाऊन सांगायची, तुमच्या वहिनीला सांगा, सारण छान झाले आहे. चढताना तो भाऊ वारल्याचे ऐकले तेव्हाच मला त्या आठवल्या होत्या.

"त्या फोंड्याच्या दुकानातल्यो. मी फोंड्याक जातंय. देवळाच्या अग्रशाळेत एक रात रवतंय. येताना घेतंय."

"चांगल्या असतात," मी म्हटले.

"बार्जीवर बरे होते. चवथीक सगळे घरा जात. बार्ज राखूक एक माणूस लागता. मी म्हणे, तुम्ही जावा, माझो भाऊ करता. सगळे खूश. वर पाऊस, नदी भरलेली, नि सगळ्या गावांतून फटाके ऐकू येत." थोडे थांबून म्हणाले, "एकदा लग्नाचे जमत होते. मुलीच्या बापाशीन पगार विचारलो नाय, घर विचारले नाय. चवथ खंय, विचारले. माका आयत्या वेळी खोटे सुचले नाय. मगे शिकलंय."

वाट अरुंद होती, ते पुढे आणि मी मागे, म्हणून त्यांचे तोंड मला दिसत नव्हते.

"नवा पाट करून घ्या," मी म्हटले. "आमच्या आळीतला सुतार करून देईल. देव काय लाकूड बघतो, सगुणबाब?"

"पाट कोणी तरी हातात देवचो लागता, वैनी. बापूस देता, भाऊ देता. आपणच आपल्या हातात कसो देवचो?"

"मग आमच्याकडे चला चवथीला. पेडण्याला, माझ्या थोरल्या दिरांकडे. चाळीस माणसांत एक जड नाही."

"तुमी बरे मनान म्हणतात. पण चवथीक माणूस पाहुणो म्हणान जायत नाय. आपल्या पाटाकडे जाता."

खाली डांबरी रस्ता दिसू लागला. मास्तरांची गाडी उभी होती, माणसे बाटल्यांतले पाणी तोंडावर मारत होती. क्षमा मोबाइलमधले फोटो सगळ्यांना दाखवत होती: चौथरा, रगडा, उभी भिंत. सगुणबाब शेवटच्या वळणावर थांबले. इतका वेळ हातात असलेला कोयता त्यांनी कमरेच्या आकडीला अडकवला.

"आजपर्यंत असा हात वर केलो की भागत होते," ते म्हणाले आणि डोंगराकडे हात केला. "वयल्या वाडीत. वर चढून कोण बघूक जाता? आता सगळ्यांनी बघितले."

त्यांनी हात खाली घेतला.

"वैनी, तुमका एक सांगूचे होते. येत्या चवथीक कोणी विचारल्यान, सगुणाची चवथ खंय, तर तुमी म्हणा, आमच्याकडे, पेडण्यात. मी येवचंय नाय. तुमी नुसते म्हणा."