सिस्टरांनी विचारलं म्हणून

सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर आईचं बीपी बघायला घरी येतात. आज दंडावरचा पट्टा सोडता सोडता त्यांनी विचारलं, "आजी, दुखणं फारच वाढलं तर दवाखान्यात न्यायचं, की घरीच राहायचंय?" मी चहा घेऊन दारातच थबकले. आई मात्र भाजीवालीशी बोलावं तशी म्हणाली, "घरीच. नळ्याबिळ्या नकोत. आणि जाताना माझे केस विंचरलेले असू देत."

आम्ही रोज विचारतो ते गोळी घेतलीस का, जेवलीस का, एवढंच. तिचं तर सगळं केव्हाचं ठरलेलं होतं. विचारणारं कुणी नव्हतं.

सिस्टर गेल्यावर मी कंगवा घेऊन तिच्याजवळ बसले. तिने तो माझ्या हातातून काढून घेतला. "आत्ता माझे हात चालतात की गं!"