दाजींच्या दाव्यात माझी जबानी

मंडळी, आत्ताच वडगावच्या कोर्टातून लोणावळ्याला परतलो. तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, वलवणच्या शेतातली वाट बंद करायला शेजारच्या ठाकर मंडळींवर दावा लावलाय. ती माणसं त्या वाटेनं पाण्याला जातात; दाजींचं म्हणणं, तिथं पूर्वी वाट नव्हतीच. घरचाच माणूस म्हणून दाजींनी साक्षीला माझं नाव दिलं.

ठाकरांच्या वकिलांनी विचारलं, "तिथं पूर्वी वाट होती?"

शपथ घेतली होती. म्हणालो, "होती. बहिणीच्या लग्नाचं वऱ्हाड त्याच वाटेनं गेलं."

मुन्सफसाहेबांनी जबानी लिहून घेतली, वाचून दाखवली. सही करताना एकच काळजी होती, आता दाजी ताईला सणाला माहेरी पाठवतील का?

स्टेशनवर दाजी दूरच्या बाकावर बसले. मीही गेलो नाही. गाडीची घंटा झाली तेव्हा ते उठून माझ्यापाशी आले.

"पाव्हणं, लय राग आलाय तुमचा. आज बोलायचो न्हाई. पर सणाला बहिणीला न्यायला या."

गाडीत आम्ही समोरासमोर बसलो.

घरच्या माणसाविरुद्ध खरं बोलायची वेळ तुमच्यावर कधी आली का? त्यानंतर आधी कोण बोललं?