मोरीतला काढा

माझा पाय डाळिंबाच्या सालीच्या काढ्याने बरा झाला, असे आमच्या शुक्रवार पेठेत अजून काही जण सांगतात. ते खोटे आहे. पाय माझा, तेव्हा मीच सांगायला हवे.

पोटरीवरची जखम चिघळली होती. त्याच सुमारास बायकोची भाची राहायला आली. ती कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. बोलता बोलता म्हणाली, डाळिंबाच्या सालीच्या अर्काने काचेच्या बशीतले जंतू मरतात, त्यात अँटिऑक्सिडंट असतात, कॅन्सरच्या पेशींवरही कुठे कुठे प्रयोग चाललेत. "पण मावशी, हे सगळं बशीत हं," असे तिने दोनदा बजावले. मावशीने बशी सोडून बाकी सगळे लक्षात ठेवले.

रोज सकाळी पेलाभर काढा समोर यायचा. चव गंजका खिळा चोखल्यासारखी. पहिला घोट तोच शेवटचा. पुढे ती पाठमोरी झाली की पेला मोरीत. डॉक्टरांच्या गोळ्या मी तिच्या नकळत, फिरायला जाताना देवळाच्या नळावर घ्यायचो. जखम भरली. मोरीतली झुरळेही तुकतुकीत दिसू लागली.

गल्लीतल्या बायका बाटल्या घेऊन येऊ लागल्या. जन्मभर जिला "तुला काय कळतंय" म्हणत आलो, तिला आता लोक विचारून औषध घेत होते. खरे सांगायला माझी जीभ उचलेना.

मग एका दुपारी शेजारच्या अक्का आल्या. त्यांच्या छातीत गाठ होती. दवाखान्यात तुकडा काढून तपासायला सांगितले होते.

"मी काय जात न्हाई तिकडं," अक्का म्हणाल्या. "वैनी, तुमीच द्या की काढा. ह्यांचा एवढा पाय बरा केलात."

बायकोने पातेले गॅसवर ठेवले.

"अक्का," मी म्हणालो, "तो काढा मी प्यालोच नाही. मोरीत ओतला. पाय गोळ्यांनी बरा झाला."

बायको वळली. "सगळा ओतला?"

"एक घोट सोडून."

"तरीच मोरी तुंबायची थांबली," अक्का म्हणाल्या.

बायकोने गॅस बंद केला, पदर खोचला आणि अक्कांना म्हणाली, "उठा. रिक्षा बघू. मी येते संगट."

गाठ कॅन्सरचीच निघाली. वेळेवर आलात, असे डॉक्टर म्हणाले. अक्कांचे उपचार चालू आहेत. डाळिंब त्या खातात, दाणे तेवढे.

बायको माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही. आता बोलते. रक्तदाबाची गोळी हातावर ठेवते, मी गिळेपर्यंत समोर उभी राहते आणि म्हणते, "आ करा."

मी आ करतो. जीभही उचलून दाखवतो.