आईच्या हंड्यांचा मोर्चा

जनतेला पाणी मिळावं म्हणून तुम्ही कधी स्वतःच्या आईला कोरडं ठेवलंय का? मी ठेवलंय. तेही मार्कांसाठी!

समाजकार्य शिकताना आठवड्यातले दोन दिवस वस्तीत जाऊन काम करायचं असतं. माझ्या वाट्याला संभाजीनगरबाहेर, बिडकीनच्या रस्त्यावरची वस्ती आली. तिथं नळ नव्हता. टँकर यायचा, तोही लहर आली तर. मी पत्रकं वाचून वाढलेली. (इतर मुली गोष्टी वाचायच्या, मी मागण्या!) मी जाहीर करून टाकलं : पाण्याच्या ऑफिसवर रिकाम्या हंड्यांचा मोर्चा!

मोर्च्याच्या सकाळी वस्तीतल्या बायका हजर, सगळ्यांच्या पुढं सखूबाई. हंडे गायब.

"सखूबाई, हंडे कुठंयत?"

"भरून ठिवलेत की. काल टँकर आला."

"मग रिकामे करा!"

"मोर्च्यासाठी पाणी वतायचं? ताई, डोकं ठिकाणावर हाय नव्हं?"

पण तत्त्वाचा प्रश्न होता! मी रिक्षा करून घरी आले. आई देवळात गेली होती. हंडे, कळश्या, बादल्या, सगळं रिक्षात कोंबलं. आमच्या गल्लीत पाणी उद्या येणार होतं. (तेही आठवड्यातून कधीतरीच येतं. पण आमच्या गल्लीवर कुणी पत्रक काढलं नव्हतं, म्हणून मला ते दुःखच वाटत नव्हतं.)

पाणी त्याच सकाळी आलं.

आईनं कुकर भरला, डबे भरले, चहाचे कप भरले. शेवटी बाबांचं हेल्मेट नळाखाली धरलं. हेल्मेटला भोकं असतात हे तिला तेव्हा कळलं. शेजारच्या काकूंनी भर घातली, "तुमची पोरगी हंडे घेऊन क्रांतीला गेली की!"

इकडं ऑफिसच्या दारात आमची क्रांती गप्प उभी होती. लोकांचा प्रश्न लोकांनीच मांडावा, असं आम्हाला शिकवलेलं. म्हणून मी बोलेना.

"सखूबाई, घोषणा द्या ना!"

"आवाज बसलाय ताई. काल टँकरवर भांडले."

साहेब बाहेर आले, आमच्याकडं बघून परत वळलेच होते. तेवढ्यात रिक्षा थांबली. ओल्या साडीतली आई उतरली.

"माझे हंडे कुठंयत गं?"

"या बाई नेत्या का तुमच्या?" साहेबांनी विचारलं.

"नाही... आई आहे माझी."

आई साहेबांकडं वळली. "उद्याचं पाणी आज सोडता? बाईमाणसानं काय नळाला बांधून घ्यायचं? दिवाळीला माहेरी गेले नाही मी, पाणी चुकंल म्हणून!"

हे मला माहीतच नव्हतं. मी जिच्यासाठी मोर्चा काढला होता त्या जनतेत आई होती, हेही माहीत नव्हतं.

"हाना मावशी!" सखूबाईचा आवाज एकदम सुटला आणि मोर्चा पेटला! टँकर कधी येणार ते आदल्या दिवशी कळवायचं साहेबांनी कबूल केलं.

आईचे हंडे मात्र रिकामेच. मग सखूबाईनं वस्तीतल्या भरल्या हंड्यांतून ते भरले आणि टेम्पोतून घरी पोचवले. ज्या वस्तीचा उद्धार करायला मी निघाले होते, तिच्या पाण्यावर आमचा आठवडा निघाला! आई त्या आठवड्यात फक्त सखूबाईशी बोलली.

आता मी नोकरीला लांबच्या शहरात असते. इथं नळाला दिवसभर पाणी. पण "अगं ऊठ, पाणी आलं!" असं घर डोक्यावर घेणारं कुणी नाही. कधी कधी पहाटे मी उगाच नळ सोडते आणि हाकेची वाट बघत उभी राहते. (लगेच बंदही करते. तत्त्व!)

आई अजून तिथंच आहे. बाबा कंपनीत, तिचे गुडघे दुखतात आणि नळाला पाणी अजूनही न सांगता येतं. (साहेबांनी कबूल केलं ते फक्त टँकरचं!) म्हणून एक मागणी आहे. तुमच्याकडं पाणी आलं की गल्लीतल्या एकट्या बाईचं दार वाजवा आणि हंडा उचलून ओट्यावर ठेवा. ती नको म्हणेल, ऐकू नका. आणि ती माझी आई निघाली, तर मी पाठवलंय असं चुकूनही सांगू नका.

हंड्याला हात लावू देणार नाही ती!