बशीतला चहा

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. किनवटला आईजवळ नाही, आणि ज्या घरात राहते तिथं तर नाहीच. आज लिहून राहिले — का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

मी आठवीतून आश्रमशाळा सोडली. ओळखीच्या नर्सबाईनं मला लातूरला एका घरी लावून दिलं. आजींना लकवा झालेला, त्यांना बघायचं. त्यांची सून, म्हणजे काकू, शाळेत शिकवतात. काका नोकरीला नांदेडला, शनिवारी येतात. पहिल्याच दिवशी काकूंनी मला आपल्या शेजारी जेवायला बसवलं. पुढं दहावीला बाहेरून बसवलं. माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं. हे आधी सांगते — म्हणजे पुढचं किती वाईट आहे ते कळेल.

आजींना गिळायचं शिकवायला दवाखान्यातल्या एक मॅडम घरी यायच्या. त्यांनी मला स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळायला लावला. बोटाखाली कंठ वर सरकला. म्हणाल्या, घशात दोन वाटा असतात, पुढची श्वासाची, मागची अन्नाची. गिळताना कंठ वर जातो, श्वासाच्या वाटेवर झाकण पडतं, श्वास तेवढ्यापुरता थांबतो. आपल्याला पत्ताही लागत नाही. आजींचं झाकण उशिरा पडतं. पाणी, चहा, पातळ काही असलं की ते झाकणाच्या आधीच धावतं आणि छातीत उतरतं. म्हणून सगळं त्यांनी दिलेली पावडर घालून घट्ट करायचं. पाठ ताठ, हनुवटी खाली, अर्धा चमचा. गिळलं का बघायचं, मग पुढचा. ठसका म्हणजे शरीराची राखण, असं त्या म्हणाल्या. लागला तर थांबायचं. पण लागायचाच बंद झाला तर खूश होऊ नको, आधी मला कळव.

मी ऐकलं होतं. समजलंही होतं. शिकलेली नाही म्हणून कळलं नाही — असं म्हणायची सोय मला नाही.

काकू शाळेत गेल्या की दुपारी आजी आणि मी. घट्ट चहा आला की आजी तोंड फिरवायच्या. शब्द अडखळायचे, पण जीभ तिखटच.

"हा चहा हाय का खळ? पोटात पोस्टर चिकटवून राहिलीस का माझ्या?"

मला हसू यायचं. एक दिवस मी साधा चहा बशीत ओतला आणि त्यांच्या ओठाला लावला. त्यांनी डोळे मिटून घेतले. दया आली म्हणून — असं मी स्वतःला सांगायची. खरं काय? चमच्यानं भरवता भरवता दुपार सरायची. बशीनं लगेच व्हायचं. त्याच वेळेला तिकडं आई गावाबाहेर रेल्वे लाईनीजवळ येऊन उभी राहायची, रेंज तिथंच. मला फोनची घाई असायची.

ठसका लागायचा. आमच्याकडं ठसका लागला की म्हणतात, कुणीतरी आठवण काढली. मी पाठ चोळत विचारायची, कुणी हो आजी? त्या नावं घ्यायच्या — सोलापूरची लेक, वारलेला नवरा, एकदा तर शेजारचे वकील. आमचा खेळच झाला तो. मग ठसका कमी होत गेला. एक दिवस लागलाच नाही. नंतरही नाही. बशी रिकामी.

"आता कुणीच आठवण न्हाई काढत गं," त्या म्हणाल्या.

मी काय केलं? मॅडमना कळवलं? नाही. कळवायचं तर बशी सांगावी लागली असती. आजी सुधारल्या, असं मनाला म्हटलं — आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बशी भरली.

ताप आला. छातीत घरघर. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून सांगितलं, खाणंपिणं फुफ्फुसात गेलंय, न्यूमोनिया आहे. पातळ काही दिलं होतं का? हे माझ्याकडं बघून विचारलं. मी मान हलवली — नाही. शेजारी उभ्या काकू आपणहून म्हणाल्या, परवा सकाळी मला शाळेला उशीर होत होता, पलंगाची पाठ पूर्ण न उचलताच मी घट्ट पेज भरवली.

त्यांची एक सकाळ. माझ्या कितीतरी दुपारी. मी गप्प राहिले. आजी वाचल्या नाहीत.

आजींच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला दारात मांडव होता. बुद्धवंदना झाली, मग एकेक जण आजींबद्दल चार शब्द बोलायला उठलं. आजींची लेक, सोलापूरच्या आत्या, उठल्या नाहीत. बसल्या जागेवरूनच काकूंना म्हणाल्या,

"वहिनी, तुमच्या घाईनं माझी माय गेली."

काकूंनी मान खाली घातली. "हाव," त्या म्हणाल्या. "माझ्याच हातनं झालं."

मग त्या उठल्या. मला पुढं बोलावलं आणि सगळ्यांसमोर साडी दिली. म्हणाल्या, हिनं लेकीसारखं केलं. मी साडी घेतली. हात जोडले. रडू आलं नाही, नंतरही कधी आलं नाही. आत काही हललंच नाही. पुढं कितीतरी शनिवार काका आले ते काकूंशी न बोलताच परत गेले. मी दोघांना वेगवेगळं वाढायची. तेव्हा सांगता आलं नसतं का? आलं असतं. रोज आलं असतं.

मी अजून त्याच घरात आहे. काकूंची लेक माहेरी आली आहे, तिचं बाळ आता मऊ भात खातं. काकू भात कालवतात, तूप घालतात, बोटांनी शीत न् शीत मोडून बघतात — आणि वाटी माझ्याकडं सरकवतात. नातवाला त्यांनी अजून एक घास भरवलेला नाही.

"तूच भरव," म्हणतात. "तुझा हात चांगला हाय."

मी वाटी घेते.